कुत्रं घरात झोपतच नाही, पावसाळ्यात काय करायचं?

कळंबेकर
आमच्यात नऊ वर्षांचा गावठी कुत्रा आहे, नाव वस्ताद. पिल्लू असताना मीच मार्केट यार्डाजवळनं पोत्यात गुंडाळून आणलेला. तेव्हापासून एक रात्र घरात झोपलेला नाही. एरवी काही वाटत नाही, पण गेला आठवडाभर पाऊस नुसता कोसळतोय आणि हा फाटकाशेजारी जिन्याखाली ओल्या फरशीवर पडून. ओढून आत घेतला तर दाराला नाक लावून कण्हत बसतो. दोन वाजता आई उठून दार उघडते आणि बोलणी मला.

शेवटी सुताराकडनं प्लायची पेटी करून घेतली. वर पत्रा, आत जुनी चादर. परसात मोरीमागं चांगल्या आडोशाला ठेवली. वस्ताद पेटीत जात नाही, पेटीवर चढून बसतो. गल्लीतली पोरं बघायला येतात.

हल्ली सकाळी उठताना त्याचा मागचा डावा पाय आखडतो, चार पावलं लंगडला की सुटतो. म्हणून विचारतोय.

वडणगेचा म्हशीवाला
पेटी परसात ठेवलीसा, तिथंच चुकलं. राखणीचं कुत्रं पाठीला भिंत आणि डोळ्यासमोर वाट बघून जागा धरतंय. मोरीमागनं त्याला फाटक दिसतंय का? मग ते कशाला जाईल! जागा त्यानं नऊ वर्षांपूर्वीच ठरवलीया, तुम्ही फक्त तिथं कोरडं करून द्या.

पेटी जिन्याखाली न्या. आपल्याकडं झड पश्चिमेकडनं येते, तवा तोंड पूर्वेला करा. फाटक दुसरीकडं असेल तर निदान बाजूनं दिसेल असं तिरकं ठेवा. खाली विटा लावून वीतभर उचला, म्हणजे फरशीची ओल वर येत नाही. पेटी मोठी झाली असेल तर आतनं एक फळी मारून लहान करा. उभं राहून एक गिरकी घेता आली की बास. ऐसपैस पेटी त्याच्या अंगाच्या उबेनं तापत नाही. पत्र्यावर उसाचा पाला टाकून दोरी बांधा, पावसाचा ताशा वाजायचा कमी होतो. त्या आवाजानंबी कुत्री आत जात नाहीत.

चादर आधी काढा. एकदा भिजली की जुलैत वाळत नाही, आणि ओल्या चादरीपेक्षा नुसती फरशी बरी. भाताचं पिंजर घाला, चांगलं हातभर. ते गोल गोल फिरून स्वतःच त्यात खळगा करतंय. दोन दिवसांनी मधलं मूठभर उचलून नाकाला लावा. कुबट आलं की बदला. झडीत आमच्यात चार-पाच दिवसांतनं बदलावं लागतंय, जुनं उकिरड्यात.

आणि गोचीड. जितकी अंगावर दिसतात त्याच्या किती पट जिन्याच्या फटीत असतात, अंडी तिथंच घालतात. फटी सिमेंटनं बुजवा. गोठ्यातलं औषध मात्र अंदाजानं कुत्र्याला लावू नका. आमच्या शेजारच्यानं लावलं, कुत्र्यानं अंग चाटलं, तोंडाला फेस आणि थरथर. दोन दिवस सलाईनवर होतं, वाचलं कसंबसं. कुत्र्याचं औषध वजन करूनच मिळतं, ते डॉक्टरकडनं घ्या.

राजारामपुरीतली
पाय दाखवून घ्या. नऊ वर्षं म्हणजे म्हातारपण लागलंच, सांधे धरतात, आणि थंड फरशीनं वाढतं. तोवर घरातली अंगदुखीची गोळी घालू नका. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन दोन्ही कुत्र्यांना बाधतात.

गेलात की लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस) लशीचंही विचारा, ती दरवर्षी लागते. हा आजार उंदराच्या लघवीतनं साचलेल्या पाण्यात येतो, कुत्र्यालाही होतो आणि आपल्यालाही. म्हणून रात्री त्याची भाकरी-दुधाची थाळी बाहेर ठेवायची नाही. कुत्रं खातं अर्धं, उरलेल्यावर उंदरांची पंगत. जेवण बंद केलं, डोळे पिवळे दिसले तर सकाळची वाट बघत बसू नका.

चिखलीकर
वरच्यांनी सगळं सांगितलंय, माझं एकच. रात्री साखळी लावता का? आम्ही लावायचो. 2019 च्या पुरात पाणी रात्रीच चढलं, आम्ही माणसं-जनावरं काढायच्या गडबडीत, आणि कुत्रं खुंट्याला. छातीला पाणी आल्यावर पोराला आठवलं. तेव्हापासून कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांची इशारा पातळी आली की आमच्यात साखळी निघते. 43 ची धोका पातळी गाठेपर्यंत थांबत नाही. तुम्ही कळंब्यात उंचावर आहात, तरी पण.

कळंबेकर
साखळी नाही, फाटक लावलेलं असतं.

आठ दिवसांनी कळवतोय. पेटी जिन्याखाली आणली, विटा लावल्या, पिंजर घातलं. पहिल्या रात्री पिंजर ओढून बाहेर काढलं आणि त्यावर झोपला. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री झड आली तेव्हा मागचं अर्धं अंग आत आणि मुंडकं उंबऱ्यावर, फाटकाकडं तोंड करून. अजून तसाच झोपतो. नाकावर पाणी उडतं, ते चालतं त्याला. डॉक्टर सांध्याचंच म्हणाले, औषध सुरू आहे. लस झाली, त्या दिवशी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

पिंजर संपत आलंय. कळंबा, पाचगाव बाजूला कुणाकडं दोन पेंढ्या असतील तर सांगा, येऊन नेतो.