ब्रँडनिष्ठा खरी, की नुसती सवय?

हिशेबनीस:
‘आमच्या घरात अमुकच चहा, तमुकच टूथपेस्ट’ असं लोक कौतुकानं सांगतात. माझ्या मते यातला बारा आणे भाग सवयीचा आणि वाण्याच्या फळीवर काय आहे याचा.

निरमाच बघा. १९६९ मध्ये करसनभाई पटेलांनी अहमदाबादेत घरच्या घरी पावडर बनवून सायकलवरून विकायला सुरुवात केली. सर्फ तेव्हा मध्यमवर्गाची मानाची पावडर. पण सर्फपेक्षा कितीतरी स्वस्तात कपडे निघायला लागल्यावर निष्ठावंत भराभर पांगले. सर्फला जाहिरातीत हिशेबी गृहिणी ललिताजी उभी करावी लागली, आणि तेवढ्यानं भागलं नाही म्हणून सर्फच्याच हिंदुस्तान लिव्हरनं स्वस्तातली व्हील पावडर काढली. निष्ठा एवढी पक्की असती तर व्हीलची गरज काय होती?

सोडावॉटर:
असहमत. पावडर बादलीत जाते, तिच्याशी कोण नातं जोडतंय! थम्सअप घ्या. १९७७ मध्ये कोकाकोला देशातून गेली, तेव्हा पार्लेच्या चौहानांनी थम्सअप आणलं. १९९३ मध्ये कोकाकोला परतली आणि तिनं थम्सअपच विकत घेतलं. स्वतःचा कोक पुढे यावा म्हणून थम्सअपला मुद्दाम मागं ठेवलंय, असं तेव्हा सर्रास बोललं जायचं. पण लोकांनी सोडलं नाही. २०२१ मध्ये त्याची भारतातली विक्री एक अब्ज डॉलरवर गेली. घशाला झोंबणारा तो फसफसाट लोकांना हवा होता, कोकचा गुळगुळीतपणा नको होता. याला सवय म्हणा हवं तर, पण ती निवडलेली सवय आहे.

हिशेबनीस:
कोकाकोलानं नुसतं नाव घेतलं का? पार्लेचं बाटल्या भरणाऱ्यांचं आणि दुकानांपर्यंत पोचवणाऱ्यांचं देशभरचं जाळंही त्यामुळे हाती आलं. गावातल्या टपरीच्या फ्रिजमध्ये जे गार मिळतं तेच लोक पितात. टपरीवाल्यानं दुसरं ठेवलं असतं तर तुमचे निष्ठावंत उन्हात पुढच्या टपरीपर्यंत चालत गेले असते होय?

चिमूटभर:
मग मॅगीचं काय? जून २०१५ मध्ये बंदी आली. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती रद्द केली, पण माल परत यायला नोव्हेंबर उजाडला. म्हणजे जवळजवळ पाच महिने फळीवर मॅगी नाही. यिप्पी होती, बाकीचेही नूडल्स होते. मॅगीत शिसं सापडल्याच्या बातम्यांनी आयाबाया घाबरल्या होत्या, तो भाग वेगळाच. तुमच्या हिशेबानं मॅगी संपायला हवी होती. ती परत आली आणि पहिल्या क्रमांकावर जाऊन बसली.

हिशेबनीस:
१९८३ पासून त्या मसाल्याच्या पुडीवर दोन पिढ्यांची जीभ घडलीय. हीसुद्धा सवयच की.

चिमूटभर:
अहो, मिळतं म्हणून घेतलं तरी सवय, मिळत नसताना वाट पाहिली तरी सवय! मग तुमचं म्हणणं खोटं ठरायला नेमकं काय घडावं लागेल, तेवढं सांगा.

पोस्टपेड:
मोबाइल कंपन्यांना विसरू नका. २०११ मध्ये देशभर नंबर कायम ठेवून कंपनी बदलता यायला लागली. त्याआधी लोक एकाच कंपनीकडे राहायचे ते प्रेमानं नव्हे, नंबर सगळ्या पाहुण्यांकडे गेलेला असायचा म्हणून. त्याला निष्ठा म्हणायचं तर भाडेकरूंनाही घरमालकाचे भक्त म्हणा.

जुनीबाटली:
दोन्ही बाजू जिभेवर अडल्यात, म्हणून १९८५ च्या अमेरिकेची आठवण करून देतो. कोकाकोलानं साधारण दोन लाख लोकांना चव देऊन बघितली, बहुतेकांना नवा गोडसर कोक जास्त आवडला. एप्रिलमध्ये जुना बंद करून नवा आणला. लोक इतके पेटले की ७९ दिवसांत जुनी चव परत आणावी लागली. चवीत नवा जिंकला होता. दुकानातही नवाच मिळत होता. तरी हरला! कारण जुना कोक लोकांना ‘आपला’ वाटत होता आणि न विचारता काढून घेतला, याचा राग होता. हे ना चवीत बसतं, ना वाण्याच्या फळीत.

हिशेबनीस:
तो राग मान्य. पण तिथं दोन्ही बाटल्यांची किंमत सारखीच होती. निरमाएवढा फरक ठेवा, मग बघू किती जण पेटतात. पार्ले-जीवाल्यांना हे केव्हाच कळलंय. छोट्या पुड्याची किंमत वर्षानुवर्षं हलू दिली नाही, आतलं वजन तेवढं कमी करत नेलं.

सोडावॉटर:
आणि वजन कमी झालेलं दिसत असूनही लोक तोच पुडा घेत राहिले. शेजारी दुसरी ग्लुकोज बिस्किटं त्याच किमतीत पडलेली असताना. आता हे कुणाच्या खात्यात लिहायचं, हिशेबनीस?