सोशलला नाचणाऱ्यांनो, तुम्हाला नाचायची ओढ कोणी लावली?

निळी_सायकल (कर्वेनगर):

नमस्कार मंडळी. मी दोन वर्षं सालसा करतेय, थोडा बचाता पण (दोन्ही जोडीने करायचे लॅटिन नाच). ऑफिस हिंजवडीत, तिथून मंगळवार-गुरुवार थेट बाणेरला क्लास, आणि रविवारी कोरेगाव पार्कला सोशल (म्हणजे सगळ्यांनी जमून नुसतं एकमेकांबरोबर नाचणं) असला की तिकडे. गेले दोन-तीन महिने काय झालंय, रात्री झोपायच्या आधी तासभर रील्स बघत बसते, ते एकापाठोपाठ पाच-पाच स्पिन, ते पार्टनरला उचलून फिरवणं, आणि मग रविवारी फ्लोअरवर गेले की सगळंच फिकं वाटतं, माझंही आणि समोरच्याचंही. हे मला अजिबात आवडत नाहीये. समोरचा माणूस मनापासून नाचतोय आणि माझ्या डोक्यात दुसराच व्हिडिओ चालू.

त्यात आई विचारते, "मग तुझा कार्यक्रम कधी?" मी सांगितलं कार्यक्रम नसतो गं, आम्ही नुसते एकमेकांबरोबर नाचतो. "म्हणजे बघायला कोणीच नाही?" तिला ते पटेना, आपल्याकडे नाच शिकायचा म्हणजे शेवटी स्टेजवर उभं राहायचं, गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम नाहीतर गणपतीत सोसायटीचा. आणि खरं सांगायचं तर तिच्या त्या प्रश्नावर मीच अडकलेय. बघायला कोणी नसतं अशा नाचात डोळ्यापुढे ठेवायचं कोणाला?

म्हणून विचारतेय, कुठलाही पार्टनर डान्स चालेल, जुनी माणसं चालतील, आत्ताची चालतील. फक्त नुसती नावं नकोत, त्यांच्याकडून तुम्ही नेमकं काय घेतलंत ते लिहा प्लीज.


सहा_सात_आठ:

माझं उत्तर एकच, फ्रँकी मॅनिंग. मी लिंडी हॉप करते (स्विंग जॅझवरचा जोडीचा नाच), पुण्यात आम्ही मोजकेच आहोत त्यामुळे हे नाव सगळ्यांना माहीत असेलच असं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये सॅव्हॉय बॉलरूम (नाचायचा मोठा हॉल) होता, १९२६ ला सुरू झाला आणि १९५८ ला बंद पडला, काळे-गोरे एकाच फ्लोअरवर नाचायचे, त्या काळातल्या अमेरिकेत हे केवढं मोठं होतं विचार कर. फ्रँकी तिथलाच पोरगा, जन्म १९१४ चा. १९३५ साली तिथल्या एका स्पर्धेत त्याने त्याची पार्टनर फ्रीडा वॉशिंग्टनला पाठीवरून उलटी पलीकडे नेऊन बरोबर बीटवर उतरवलं, लिंडीतली पहिली एरियल, म्हणजे हवेतली, स्टेप ती. म्हणजे तू म्हणतेस ते उचलणं-फिरवणं, त्यातल्या कितीतरी गोष्टींचा मूळपुरुषच हा. पुढे त्याचा ग्रुप सिनेमात गेला, जगभर फिरला, मग महायुद्ध आलं, त्यानंतर गाण्यांची फॅशन बदलली, आणि १९५५ च्या सुमाराला हा माणूस पोस्टात नोकरीला लागला. तीसेक वर्षं पोस्टात! सोबत काम करणाऱ्या कितीजणांना कळलं असेल की हा कोण आहे.

१९८६ मध्ये कॅलिफोर्नियाहून एरिन स्टीव्हन्स आणि स्टीव्हन मिचेल असे दोन तरुण डान्सर त्याला शोधत आले, आम्हाला शिकव म्हणाले. तेव्हा त्याचं वय ७२. तिथून पुढे वीसेक वर्षं तो देशोदेशी शिकवत फिरला. ऐंशीच्या पुढच्या वाढदिवसांना त्याची पद्धत होती, जितकं वय तितक्या जणींबरोबर नाचायचं, एकेक करत, रांगच लागायची. २००९ च्या एप्रिलमध्ये गेला, पंच्याण्णवाव्या वाढदिवसाला महिनाच उरला होता.

मी त्याचे तरुणपणीचे ते उड्यांचे व्हिडिओ फारसे बघत नाही. म्हातारपणीचे बघते. पावलं छोटी, गुडघे वाकलेले, आणि नजर पूर्णवेळ पार्टनरकडे. नाच सुरू करायच्या आधी तिला वाकून अभिवादन करायचा, आणि लीडर्सना (जोडीत पुढचं पाऊल ठरवणाऱ्यांना; दुसरा फॉलो करतो) शिकवायचा की समोर उभी आहे ती राणी आहे असं समजून नाचा. मी लीड आणि फॉलो दोन्ही करते, आणि त्याच्याकडून हेच घेतलं, की पहिले आठ काउंट काहीही करायचं नाही, फक्त समोरच्याचा अंदाज घ्यायचा. हात घट्ट आहे का, श्वास चढलाय का, घाबरलाय का. आठ काउंट म्हणजे तीन-चार सेकंद, पण त्यावर पुढचं सगळं गाणं ठरतं.

आणि नॉर्मा मिलर पण शोध. सॅव्हॉयच्या मागच्या बाजूला राहायची, लहानपणी घरातून त्या बॉलरूमच्या खिडक्या दिसायच्या, तिथल्या सावल्या बघत नाच शिकली. ९९ वर्षं जगली, २०१९ ला गेली.


जुना_ऑन_टू:

वा, सहा_सात_आठ, पोस्टातल्या नोकरीचं मला माहीत नव्हतं.

सायकल, तू सालसा करतेस म्हणून एडी टोरेस. आपण क्लासमध्ये "वन टू थ्री, फाइव्ह सिक्स सेव्हन" म्हणतो ना, ते आभाळातून पडलेलं नाही. न्यूयॉर्कमध्ये जुने मॅम्बो डान्सर (मॅम्बो म्हणजे सालसाच्या आधीचा नाच) कानाने नाचायचे, कोणी मोजत नसे, कसं करतोस विचारलं तर म्हणायचे बघ आणि कर. एडी पण तसाच शिकलेला. त्याला जून लाबर्टा नावाची बॉलरूमची शिक्षिका भेटली, तिने त्याच्या मागे लागून सांगितलं की तुझ्या स्टेप्सना नावं दे, काउंट दे, नाहीतर तू शिकवणार कसा. त्यातून दोनवर ब्रेक घ्यायची (दुसऱ्या काउंटला पावलांची दिशा बदलायची) त्याची पद्धत बांधली गेली, जिला आज सगळे न्यूयॉर्क स्टाइल ऑन टू म्हणतात. तो मॅम्बोचा मोठा बँडलीडर टिटो पुएंतेच्या ऑर्केस्ट्राबरोबर स्टेजवर नाचायचा, म्हणजे परफॉर्मर होताच, पण मला तो मोठा वाटतो तो शिकवण्यामुळे. स्वतःला येणारी गोष्ट दुसऱ्याला देता यावी म्हणून अख्खी पुन्हा उलगडायची, हे सोपं नाही.

त्याच्यामुळे मी कोंगा (हाताने वाजवायचा उंच ढोल) ऐकायला शिकलो. कोंगाच्या तुंबाओमध्ये, म्हणजे त्याच्या सतत फिरणाऱ्या ठेक्यात, दोनवर एक कोरडी थाप येते, आणि चारवर दोन खुले ठोके. तबला ऐकणाऱ्याला लगेच सापडेल. एकदा ती दोनची थाप सापडली की पाय आपोआप तिथे पडतो, मग पॅटर्न येत नसला तरी तू गाण्यात असतेस. माझं मत विचारशील तर आपल्याकडच्या क्लासेसमध्ये पहिले सहा महिने पॅटर्न कमी करून हे ऐकवायला पाहिजे. असो, तो वेगळा विषय.

अजून एक जोडी, क्युबन पीट आणि मिली डोने. १९५० च्या दशकात न्यूयॉर्कच्या पॅलेडियम बॉलरूममध्ये नाचायचे. तो प्वेर्तोरिकन, ती इटालियन घरातली. बुधवारी तिथे मॅम्बो नाइट, प्वेर्तोरिकन, क्युबन, ज्यू, इटालियन, काळे सगळे एका छताखाली. जे चांगलं नाचायचे त्यांच्याभोवती बाकीचे कडं करून उभे राहायचे. म्हणजे तुझ्या आईंना सांग, बघायला माणसं होती, पण ती पण नाचणारीच होती.


फक्त_बचाता:

मी जरा वेगळं बोलते, रील्सना एवढं वाईट नका म्हणू. मी नाशिकची, तिथे तेव्हा मला काही मिळत नव्हतं, अटाका आणि अलेमाना या जोडीचा तो फेमस बचाता व्हिडिओ बघून बघून मी हॉस्टेलच्या गच्चीवर एकटीच बेसिक करायचे. त्यांच्यामुळेच पुण्यात आल्यावर पहिल्या आठवड्यात क्लास शोधला. हां पण नंतर एका वर्कशॉपला डॉमिनिकन स्टाइलचा बचाता पाहिला, म्हणजे जिथून हा नाच आला तिथला, तिकडे ना बॉडी वेव्ह ना डोकं फिरवणं, गिटार जसं वाजतंय तसे नुसते पाय, आणि दोघं आपापल्यात हसतायत. युनेस्कोने २०१९ ला बचाताला वारसा म्हणून घेतलं ते त्यांच्या त्या अंगणातल्या, गल्लीतल्या नाचासाठी. आता मी दोन्ही बघते. व्हिडिओने दारापर्यंत आणलं हे मी विसरणार नाही.


घुंगरू:

मी बारा वर्षं कथक केलं आणि आता चार वर्षं टँगो, त्यामुळे तुझ्या आईंचा प्रश्न माझ्या घरात पण होऊन गेलाय. पुण्यात कथक म्हटलं की रोहिणीताई भाट्यांचं नाव येतंच, १९४७ साली त्यांनी इथे नृत्यभारती सुरू केली, आणि आम्ही ज्यांच्याकडे शिकलो त्या बाई त्यांच्याबद्दल बोलताना नकळत सरळ बसायच्या. गुरू म्हणजे काय ते मला तिथे कळलं. टँगोत आल्यावर मी आधी तसाच एक गुरू शोधत होते आणि सापडेना.

मग टँगो डान्सर कार्लोस गाविटोचे व्हिडिओ हाती लागले. हा माणूस जवळजवळ काही करतच नाही! पार्टनरबरोबर एकमेकांवर तिरका भार देऊन उभा राहतो, व्हायोलिन वाजत राहतं, तो थांबलेला, आणि तुम्ही बघताना श्वास रोखता. पाय निघतो तो इतका उशिरा की वाटतं आता चुकला, पण चुकत नाही. कथकमध्ये आम्हाला ठहराव शिकवायचे, सम यायच्या आधी घाई करायची नाही, तिला येऊ द्यायचं. तेच आहे हे. फरक एवढाच की कथकात मी एकटी थांबायचे, इथे दोघांनी मिळून थांबायचं असतं आणि दुसरा थांबलाय हे छातीतून कळतं.

दुसरी मारिया निएवेस. हुआन कार्लोस कोपेस आणि ती, टँगोला स्टेजवर जगभर नेणारी जोडी. नवरा-बायको म्हणून वेगळे झाले तरी पुढे कितीतरी वर्षं एकत्र नाचत राहिले, एकमेकांशी धड बोलत नसताना. मला हे सुरुवातीला रोमँटिक वाटायचं, आता वाटत नाही, आता वाटतं केवढं कष्टाचं असेल ते तिच्यासाठी. पण तिची पावलं बघ, एकही पाऊल रागाने पडलेलं नाही.

आणि एक गोष्ट, जुन्या ब्युनोस आयर्समध्ये मुलगे आधी फॉलो करायला शिकायचे. महिनोन्महिने मोठ्या मुलांबरोबर फॉलो करायचं, मग लीड. आपल्याकडे किती लीडर हे करतात?


शनिपाराजवळ:

मी ५९ वर्षांचा आहे, बायको आणि मी गेली तीन वर्षं येतो. तुम्ही सगळ्यांनी फार छान माहिती दिलीत, मी यातली बरीच नावं आज पहिल्यांदा ऐकली.

माझा आदर्श कुठे प्रसिद्ध नाही आणि त्यांचं नाव इथे लिहिणं त्यांना आवडणार नाही. सोशलला येतात, पासष्टीचे असतील. त्यांचा नेम असा की आल्यावर पहिलं गाणं भिंतीला टेकून बसलेल्या माणसाबरोबर. मग ती बाई असो नाहीतर पुरुष, नवीन असो नाहीतर रुसलेला. आमच्या पहिल्या दिवशी बायको पाण्याच्या पिंपाशेजारी पर्स मांडीवर घेऊन बसली होती, घरी जाऊ म्हणत होती. त्याच्या आधी एका बाहेरून आलेल्या शिक्षकाच्या वर्कशॉपमध्ये तिला रोटेशनमधून (क्लासमध्ये पार्टनर बदलत जातात त्यातून) बाजूला उभं केलं होतं, सगळ्यांसमोर, गुडघ्यांमुळे वेग जमत नव्हता म्हणून. ते तिच्या मनात होतं. ह्या गृहस्थांनी येऊन विचारलं, "गुडघा कुठला दुखतो?" ती म्हणाली उजवा. मग अख्खं गाणं त्यांनी एकही टर्न उजव्या पायावर दिला नाही. मी बघत होतो. तीन वर्षं झाली, मी अजून तेवढं शिकायचाच प्रयत्न करतोय.


निळी_सायकल:

काका, हे वाचून मी बराच वेळ काही टाइप करू शकले नाही. काकूंना माझा नमस्कार सांगा.

सगळ्यांना खूप थँक्स. काल रविवार होता. जुना_ऑन_टू, कोंगाची थाप मला तिसऱ्या गाण्यात सापडली, मग परत हरवली, मग शेवटी शेवटी परत सापडली. आणि एक मुलगा आला होता, पहिलाच सोशल, हात बर्फासारखे गार. सहा_सात_आठ म्हणाली तसं पहिले आठ काउंट मी काहीच स्टाइलिंग केलं नाही, नुसती उभी राहिले त्याच्या वेगात. त्याला बेसिक आणि क्रॉस बॉडी लीड (पार्टनरला आपल्यासमोरून पलीकडे नेणं) एवढंच येत होतं. साडेचार मिनिटं आम्ही तेवढंच केलं आणि मला एकदाही कुठला व्हिडिओ आठवला नाही. हे घरी येताना म्हात्रे पुलावर लक्षात आलं.

घुंगरू, तुमच्या टँगोच्या प्रॅक्टिसला नवीन माणूस चालतो का? मला फॉलो येतं थोडं, पण लीडपासून सुरू करायचंय.


घुंगरू:

चालतो काय, ये! बुधवारी संध्याकाळी साडेसात. रबरी सोलचे शूज नको आणूस, पाय वळत नाही आणि गुडघ्यावर येतं. काहीच नसेल तर जाड मोजे घालून ये.


शनिपाराजवळ:

आम्ही दोघं आलो तर चालेल का?