डेटा इंटिग्रेशन: एकत्रीकरण, जोडणी की मेळ?

धागाकर्ती: मधुमेहाच्या जनुकीय संशोधनावरचा एक लेख मराठीत आणतेय आणि पहिल्याच ओळीत अडलेय. ‘डेटा इंटिग्रेशन’ला, म्हणजे ठिकठिकाणची माहिती एकत्र आणण्याला, ‘विदा एकात्मीकरण’ लिहिलं आणि आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “राष्ट्रीय एकात्मतेचं काही आहे का गं?” ‘एकत्रीकरण’ चालेल? आणि ‘क्रॉनिक’ला ‘जुनाट’ की ‘दीर्घकालीन’?

खर्डेघाशा: ‘एकत्रीकरण’ सगळ्यांना कळतं, उगाच फाटे कशाला? ‘जुनाट’ मात्र नको. जुनाट खोकला ठीक आहे, पण परवा निदान झालेल्या मधुमेहाला जुनाट म्हटलंत तर पेशंट भांडायला येईल. ‘दीर्घकालीन’ लिहा.

नोंदवहीवाला: ‘क्रॉनिक’बद्दल सहमत, पण ‘एकत्रीकरण’ला माझी हरकत आहे. मी रोज हेच काम करतो. एकत्रीकरण म्हणजे मोळी बांधणं: लाकडं एका दोरीत येतात, एकमेकांशी त्यांचं काही नातं नसतं. इथे सगळी मेहनत त्या नात्याची असते.

यूके बायोबँक या संशोधनासाठीच्या आरोग्य-माहितीच्या साठ्याचंच घ्या. २००६ ते २०१० या काळात ब्रिटनमधल्या ४० ते ६९ वयाच्या सुमारे ५ लाख लोकांनी त्यात नाव नोंदवलं. त्यांची जनुकीय माहिती एकीकडे, हॉस्पिटलच्या नोंदी दुसरीकडे, फॅमिली डॉक्टरच्या तिसरीकडे. टाइप २ मधुमेहाला हॉस्पिटलच्या नोंदीत ‘ई११’ असा कोड, तर फॅमिली डॉक्टरकडच्या जुन्या पद्धतीत ‘सी१०एफ’. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी, एका कागदावर ६.५, दुसऱ्यावर ४८. साखर भडकलेली नाही, आकडा तोच आहे: एक टक्क्यांत, दुसरा मिलिमोल प्रति मोलमध्ये. नुसतं एकत्र केलंत तर ४८वाला माणूस जिवंत कसा, असा प्रश्न पडेल.

जनुकांकडेही तीच गत. टाइप २ मधुमेहाशी जोडलेला ‘टीसीएफ७एल२’ या जनुकातला एक प्रसिद्ध बदल आहे, आरएस७९०३१४६. दहाव्या गुणसूत्रावरचा त्याचा पत्ता मानवी जनुकांच्या जुन्या नकाशात ११,४७,५८,३४९ आणि २०१३च्या नकाशात ११,२९,९८,५९०. घर तेच, पाटी बदलली. ‘लिफ्टओव्हर’ नावाचं टूल जुने पत्ते नव्या नकाशावर आणून देतं. ते न वापरता दोन प्रयोगशाळांच्या फायली चिकटवल्या तर भलत्याच दारावर टकटक होते.

(विषयांतर: एक्सेल ‘सेप्ट२’ या जनुकाला २ सप्टेंबर करून टाकायचं. शेवटी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकाचंच नाव बदललं, ते आता ‘सेप्टिन२’. तेव्हा सॉफ्टवेअर हटलं नाही, बारसं पुन्हा झालं.)

धागाकर्ती: मग ‘जोडणी’?

नोंदवहीवाला: जोडणी हा त्यातला एक भाग झाला. ही नोंद आणि ती नोंद एकाच माणसाची, हे ठरवलं की जोडणी झाली. कोड, एककं, पत्ते एका भाषेत आणणं हे त्यापुढचं काम. आमच्यात सरळ म्हणतात, “डेटाचा मेळ घाला.”

माजी हिशेबनीस: ‘मेळ घालणे’ला जरा वेगळा वास आहे. घर आणि नोकरीचा मेळ घालतात, म्हणजे ओढाताण आली, थोडं इकडचं सोडा, थोडं तिकडचं. जमाखर्चाचा मेळ मात्र *बसतो*. पैन् पै जुळेपर्यंत उठता येत नाही. तुमच्या वर्णनावरून काम या दुसऱ्या जातीचं दिसतंय. ‘मेळ बसवणे’ म्हणा.

नोंदवहीवाला: काका, मान्य. हा फरक माझ्या लक्षातच आला नव्हता. ताई, आणखी एक: लेखात ‘जनुकीय’ आणि ‘आनुवंशिक’ आलटून पालटून वापरू नका. फुप्फुसाच्या गाठीतल्या पेशीत सिगारेटमुळे झालेला बदल जनुकीय असतो, पण तो मुलांकडे जात नाही, म्हणून आनुवंशिक नव्हे.

धागाकर्ती: हे मी तीन ठिकाणी केलंय! दुरुस्त करते. पहिली ओळ आता अशी: “दीर्घकालीन आजारांमागची जनुकं शोधायची, तर दवाखान्यातल्या आणि प्रयोगशाळेतल्या माहितीचा आधी मेळ बसवावा लागतो, त्यासाठी खास टूल्स असतात.” टूल्स तशीच ठेवलीत. ‘साधने’ म्हटलं की मला पाना-पक्कड दिसते.

खर्डेघाशा: मोळी मागे घेतो. आणि ‘विदा’ काढून ‘माहिती’ केलंत ते बरं झालं. माझ्या हिंदीभाषक शेजाऱ्याला दर वेळी वाटायचं, कुणाची तरी पाठवणी चाललीय.