रेकॉर्ड प्लेअरची घूं घालवायला बॅटरी लावावी का?

तारा_मिरज
नमस्कार. अण्णांकडे (माझे वडील, वय ७८) दीडेकशे एलपी आहेत. बहुतेक ख्याल, थोडं नाट्यसंगीत. गेल्या दिवाळीत त्यांना बेल्टवाला टर्नटेबल, छोटा फोनो प्रीअँप (सुईचा बारीक सिग्नल वाढवणारी डबी) आणि स्पीकर चालवणारा, १२ व्होल्टचा क्लास-डी अँप घेऊन दिला. खोली दहा बाय बारा. आवाज सुरेख आहे, पण विलंबितात गायक श्वास घ्यायला थांबला की मागून घूं ऐकू येते. आमच्या गल्लीत तंबोरे बनतात, अण्णांचे कान त्यातच तयार झालेत. परवा त्यांनी अर्ध्यातच सुई उचलली आणि म्हणाले, "तंबोऱ्याला कुणीतरी पाचवी तार लावलीय." मला फार लागलं ते.

वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर तर घूंची घर्रर्र होते. बॅटरीवर चालवलं तर जाईल का? लेड-अ‍ॅसिड घ्यावी की लिथियम? तीन-चार हजारांत बसवायचं आहे.

अभि_नागपूर
प्युअर साईन वेव्ह (घरच्या विजेसारखी स्वच्छ वीज देणारा) इन्व्हर्टर घ्या, प्रश्न मिटला.

जुनारेडिओ
अभि, त्याने फक्त वीज गेल्यावरची घर्रर्र जाईल. वीज असतानाची घूं तशीच राहील.

ताराताई, तीस वर्षं रेडिओ-अँप दुरुस्त केलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. अण्णांचं बरोबर आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे घूं ५० किंवा १०० हर्ट्झवर येते. गायक काळी एकमध्ये गात असेल तर हा सूर तीव्र मध्यमाच्या आसपास, आणि त्याहून जरासा चढा. यमन असला, म्हणजे तीव्र मध्यम रागातच असला, तरी खुपणार!

सुईकडून येणारा सिग्नल जेमतेम ५ मिलीव्होल्ट. प्रीअँप तो शंभरेक पट करतो आणि ५० हर्ट्झपाशी त्याच्याही सातपट, कारण रेकॉर्ड कापताना खर्ज दाबलेला असतो, तो परत उचलावा लागतो. म्हणून एवढीशी घूंसुद्धा मोठी होते.

बॅटरी घ्यायच्या आधी टर्नटेबलच्या मागे बघा. दोन आरसीए पिनांबरोबर एक बारीक वायर येते, तिच्या टोकाला चिमटा असतो. तो प्रीअँपच्या जीएनडी (ग्राउंड) स्क्रूखाली घट्ट आवळलाय का? तो सुटलेला असेल तर कुठलीही बॅटरी लावा, घूं जाणार नाही. प्रीअँप अँपच्या ट्रान्सफॉर्मरपासून आणि वायफायच्या डबीपासून हातभर लांब ठेवा.

मग ओळखीच्या गॅरेजमधून मोटरसायकलची १२ व्होल्टची बॅटरी तासभर मागून आणा आणि फक्त प्रीअँप तिच्यावर चालवून ऐका. त्याआधी प्रीअँपच्या अ‍ॅडॉप्टरवर नजर टाका. आउटपुटपुढे नागमोडी रेघ असेल तर तो एसी आहे, तिथे बॅटरी लावायची नाही. सरळ रेघ असेल तर पिनेचा प्लस आत आहे की बाहेर ते बघा. उलटं लागलं तर प्रीअँप गेलाच समजा.

फरक पडला तरच खर्च करा. तुमच्यासाठी ७ अँपिअर-अवरची सीलबंद लेड-अ‍ॅसिड पुरे. प्रीअँप ८० मिलीअँपिअर घेत असेल तर अर्धी बॅटरी वापरूनही चाळीसेक तास निघतात. अँपही तिच्यावर टाकलात तर ५-६ तास धरा. ८ ओहमच्या स्पीकरवर १२ व्होल्टमध्ये चॅनेलला ८-९ वॅटच मिळतात, पण तुमच्या खोलीला भरपूर झाले.

लिथियम घ्यायचीच तर एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट), तीही बीएमएस, म्हणजे सेल सांभाळणारं सर्किट, असलेली. ती पूर्ण भरताना १४.६ व्होल्टपर्यंत जाते, तेवढं प्रीअँपला चालतं का ते आधी बघा. भंगारातल्या लॅपटॉपचे सेल जोडून कुणी पॅक करून देतो म्हणाला तर घेऊ नका, घरात म्हातारं माणूस आहे.

चार्जर लावून ऐकू नका, गोंगाट त्याच वाटेने परत येतो. एक दुहेरी स्विच बसवून घ्या, एका बाजूला चार्जर, दुसऱ्या बाजूला प्रीअँप. बंद कपाटात चार्जिंग नको. आणि प्लसच्या टोकालगत फ्यूज हवाच. एवढीशी बॅटरी शॉर्ट झाली तर वायर लाल होते, मी डोळ्यांनी पाहिलंय.

तारा_मिरज
काका, चिमटा सुटलेलाच होता! धुळीत पडला होता. आवळल्यावर बरीचशी घूं गेली. तरी आवाज वाढवला की बारीक किणकिण उरायची, ती भावाच्या गाडीच्या बॅटरीवर गेली. म्हणून ७ अँपिअर-अवरवाली आणली. काल रात्री अण्णांनी एक बाजू पूर्ण ऐकली आणि न सांगता रेकॉर्ड उलटवली.

जुनारेडिओ
वा! फ्यूज किती अँपिअरचा टाकलात?

तारा_मिरज
एक. फक्त प्रीअँपच आहे त्यावर.

जुनारेडिओ
बरोबर. अँप जोडाल तेव्हा त्याचा फ्यूज वेगळा घाला, तीनचा. आणि आठवड्याला एकदा तरी पूर्ण चार्ज करा, लेड-अ‍ॅसिड रिकामी पडून राहिली की मरते.