रशियन क्रियापदं: ‘अत्क्रील’ की ‘अत्क्रिवाल’?

प्रश्न
भूतकाळाची रूपं जमतात, पण रशियनमध्ये बहुतेक क्रियापदांची ‘अपूर्ण–पूर्ण’ अशी जोडी असते, त्यातलं कुठलं घ्यायचं तिथे अडतं. ‘काल संध्याकाळभर पुस्तक वाचलं’ याला ‘प्रचिताल’ (पूर्ण) लिहिलं तर चूक, ‘चिताल’ (अपूर्ण) बरोबर. ठीक, अपूर्ण म्हणजे चालू क्रिया. मग ‘क्तो अत्क्रिवाल अक्नो?’ मध्ये खिडकी एकदाच उघडली, काम संपलं, तरी अपूर्ण रूप कसं?

प्रतिसाद १
‘अपूर्ण’ म्हणजे ‘चालू’ हे समीकरण आधी सोडा. पूर्ण रूप क्रियेच्या शेवटाकडे, परिणामाकडे बघतं. अपूर्ण रूप त्याबद्दल काही बोलत नाही, एवढंच. म्हणून ते चालू क्रियेला चालतं, सवयीला चालतं आणि नुसतं ‘असं घडलं होतं’ सांगायलाही चालतं.

‘क्तो अत्क्रील अक्नो?’ म्हणजे ‘खिडकी कोणी उघडली?’ ती अजून उघडी आहे, वारा आत येतोय. ‘क्तो अत्क्रिवाल?’ म्हणजे ‘कोणी उघडली होती?’ आता ती बंद आहे, परिणाम पुसला गेलाय. मराठीतलं ‘होती’ इथे नेमकं तेच काम करतं.

वेळेच्या शब्दांतही मराठी कामी येते. ‘तासभर’ असेल तर अपूर्ण: ‘च्यास चिताल’. ‘तासाभरात’ असेल तर पूर्ण: ‘ज़ा च्यास प्रचिताल’. तुमचं ‘संध्याकाळभर’ पहिल्या गटातलं.

प्रतिसाद २
भविष्यकाळात होणारी चूक: ‘बूदु प्रचितात्’. असं रूपच नाही. ‘बूदु’ या भविष्यकाळाच्या सहायक क्रियापदापुढे फक्त अपूर्ण. पूर्ण क्रियापदाला वर्तमानकाळ नसतो, त्याचे वर्तमानासारखे दिसणारे प्रत्ययच भविष्य दाखवतात: ‘प्रचितायु’ म्हणजे ‘वाचून काढेन’. ‘नाचल’ (सुरू केलं) याच्यापुढेही अपूर्णच: ‘नाचल चितात्’. उलट ‘उस्प्येल’ (वेळेत जमलं) पूर्ण मागतं.

प्रतिसाद ३
उपसर्ग लावला की जोडी तयार झाली असं समजू नका. ‘पिसात्’ची (लिहिणं) जोडी ‘नपिसात्’. पण ‘पत्पिसात्’ म्हणजे सही करणं, वेगळंच क्रियापद, आणि त्याचं अपूर्ण रूप ‘पत्पीसिवत्’. ‘गवरीत्’–‘स्कज़ात्’ (बोलणं–सांगणं) यांत तर धातूच निराळे. म्हणून वहीत एकटं क्रियापद कधी उतरवू नका. दोन्ही रूपं शेजारी, आणि प्रत्येकासोबत एक वाक्य, ‘तासभर’चं एक, ‘तासाभरात’चं एक.

प्रश्नकर्ता
‘उघडली होती’ने गाठ सुटली. नकारात काय? ‘खिडकी उघडू नकोस’?

प्रतिसाद १
मनाई असेल तर अपूर्ण: ‘नि अत्क्रिवाय’. पण नकळत घडू शकणाऱ्या गोष्टीपासून सावध करताना पूर्ण: ‘नि उपदी!’, म्हणजे आपलं ‘पडशील हं!’