अनुभव धागा: अ‍ॅनोरेक्सियातला न थांबणारा व्यायाम

धाकट्या बहिणीला अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा होता, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडत जाण्याचा मानसिक आजार. जेवण घटलं तेव्हा घरात काळजी सुरू झाली, पण तिच्या व्यायामाचं सगळे कौतुकच करत होते. हे जिमच्या जमान्याचं खूळ नाही. १८७० च्या दशकात लंडनच्या डॉ. विल्यम गल यांनी आजाराला हे नाव दिलं, तेव्हाच इतकी खंगलेली मुलगी एवढी हालचाल करते कशी, याचं नवल त्यांनी नोंदवलं होतं. तुमचे अनुभव लिहा. वजनाचे, कॅलरीचे आकडे मात्र नकोत. आजारात असलेलं माणूस त्यांच्याशी चढाओढ करतं.

पुणेकर मुलगी: ताप असो, पाऊस असो, तळजाई टेकडीवर जायचंच. बसून अभ्यास होईना, पुस्तक हातात घेऊन येरझाऱ्या. रात्री सगळे झोपले की अंधारात सूर्यनमस्कार, मोजणी चुकली की पुन्हा पहिल्यापासून. खाल्लेलं फेडायचं, एवढंच डोक्यात. आनंद कणभर नव्हता. पाळी बंद झाली, मग नडगी दुखायला लागली. एमआरआयमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने हाडाला गेलेली बारीक चीर) निघालं, तरी प्लास्टरमध्ये पलंगावर पडून पोटाचे व्यायाम चालूच. आई रात्री माझ्या खोलीत झोपायला लागली, तेव्हा कुठे ते थांबलं. तेव्हा तिचा फार राग यायचा.

एक बाबा: आमचा मुलगा. मुलगा म्हणून हा आजार कुणाला सुचलाच नाही. नाडी चाळीसच्या खाली गेलेली, तरी एक डॉक्टर म्हणाले, धावणाऱ्यांची असतेच कमी. दुसऱ्यांनी ईसीजी काढला, पोटॅशियम तपासलं आणि त्याच दिवशी दाखल करून घेतलं.

मानसोपचार विभागातली नर्स: उंदरांना दिवसातून तासभरच अन्न दिलं आणि पिंजऱ्यात फिरतं चाक ठेवलं, तर ते आणखी कमी खातात आणि जास्त पळतात, मरेपर्यंतसुद्धा. १९६७ चा प्रयोग आहे हा. उपाशी शरीरच ही तगमग वाढवतं, म्हणून पेशंटला हट्टी म्हणू नका. आणि घाबरून एकदम भरपूर भरवूही नका. रक्तातलं फॉस्फेट घसरून जिवावर बेततं.

एक मावशी: भाची आता बरी आहे. योगासनं केलेली चालतील का?

पुणेकर मुलगी: मावशी, तिच्या डॉक्टरांनाच विचारा. मला बऱ्याच उशिरा परवानगी मिळाली, तीही घड्याळ न लावता, मैत्रिणीसोबत.

धागाकर्ती: चक्कर, धडधड असेल तर थेट हॉस्पिटल गाठा. बोलायला कुणी हवं असेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही.