क्लबच्या गाळ-कामात दोन पक्षांचे नगरसेवक: नियम काय?

प्रश्न: लातूरजवळच्या पाझर तलावातला गाळ आमचा रोटरी क्लब काढणार आहे. एकमेकांच्या विरोधी पक्षांचे दोन नगरसेवक क्लबचे सभासद व्हायचं म्हणतात. चालतं का?

उत्तर १: चालतं. पण रोटरीत सभासदाची नोंद ज्या धंद्याखाली होते तो व्यवसायवर्ग म्हणून ‘नगरसेवक’ धरता येत नाही, कारण ते ठरावीक मुदतीचं पद आहे. वकील, शेतकरी, आडत व्यापारी, जो मूळ धंदा असेल तो अर्जावर लिहा. क्लबला उमेदवाराचा प्रचार करता येत नाही, लायन्स क्लबमध्येही पक्षीय राजकारणाची चर्चा वर्ज्य आहे.

उत्तर २: भांडण बॅनरवरून पेटतं. फोटो कुणाचाच नको, फक्त क्लबचं नाव आणि तलावाचं नाव. पोकलेनच्या डिझेलचे पैसे नगरसेवकाच्या खिशातून परस्पर नकोत. क्लबच्या खात्यात जमा, पावती, मग दोन सह्यांचा चेक. आचारसंहिता लागली की उद्घाटन, नारळ सगळं बंद ठेवा.

उत्तर ३: कामाचंही बघा राव. आधी परवानगी. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, ट्रॉल्या त्या हिशेबानं वहीत मांडा, गाळ नेणाऱ्या शेतकऱ्याची सही घ्या. नाहीतर ‘त्या नगरसेवकाच्याच माणसांना गाळ गेला’ ही तक्रार ठरलेलीच. बांधाच्या पायथ्याशी पोकलेनचं बकेट लावू नका, तिथूनच पाणी झिरपायला लागतं.